कॅमशाफ्ट बदलताना लिफ्टरही बदलायचे का? ५.३ लिटर व्ही-८ इंजिनासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: अमेरिकेतली २०१२ ची शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअप, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, १ लाख ४० हजार मैल चाललेली. (कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा. त्यावरचा फुगवटा, म्हणजे लोब, लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. हेड म्हणजे सिलिंडरवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग.) थंड इंजिनावर टकटक, ७ नंबरच्या सिलिंडरला मिसफायर (इंधन नीट न पेटणं). गॅरेजने रॉकर कव्हर उघडून पाहिलं तर त्या सिलिंडरचा एक पुशरॉड बाकीच्यांपेक्षा कमी उचलला जात होता, म्हणजे कॅमचा लोब घासला गेलाय. नवा कॅमशाफ्ट मागवलाय. आता एक जण सांगतो, 'लिफ्टर रोलरचे आहेत, तेच राहू द्या, हेड न उतरवता कॅम बदलता येतो.' दुसरा सांगतो, 'सोळाच्या सोळा नवे टाका.' कोणाचं ऐकायचं?

दुसऱ्याचं. आणि फक्त लिफ्टर टाकून थांबू नका. लिफ्टरच्या प्लास्टिकच्या ट्रे, हेड बोल्ट, हेड गॅस्केट आणि ऑइल पंपाच्या सक्शन पाइपची रबरी रिंग हे सगळं याच कामात नवं पडायला हवं. ऑइल चेंबरही (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) उतरवायला हवं. चेंबर न उतरवता केलेलं हे काम अर्धवट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. लोब झिजला म्हणजे तेवढं लोखंड तेलात गेलं, आणि ते कुठे जाऊन बसलंय हे बघितल्याशिवाय नवा कॅम आत घालणं म्हणजे नव्या भागांना जुन्या किसाचं तेल पाजणं.

पहिल्या सल्ल्यातही तथ्य आहे, ते आधी सांगतो. १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या जुन्या स्मॉल ब्लॉक इंजिनात सपाट बुडाचे लिफ्टर होते (आपल्याकडच्या गॅरेजात यांनाच टॅपेट म्हणतात). ते बूड दिसायला सपाट, पण मधे किंचित फुगीर असतं आणि कॅमचा लोब किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे लिफ्टर वर-खाली होताना स्वतःभोवती फिरतो. हे दोन पृष्ठभाग पहिल्या काही मिनिटांत एकमेकांशी जुळून झिजतात आणि मग ती जोडी कायमची ठरते. तिथे नव्या कॅमवर जुना लिफ्टर टाकला तर लोब काही तासांतच झिजून सपाट होऊ शकतो. म्हणून त्या इंजिनांसाठी नियम कडक आहे: नवा कॅम, तर नवे लिफ्टर, आणि सुरू केल्यावर लगेच २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर चालवणं, तेही जस्ताचं प्रमाण जास्त असलेल्या तेलावर.

रोलर लिफ्टरला (बुडाला छोटं चाक असलेल्या) हा नियम लागू नाही. रोलर लोबवर घरंगळतो, घासत नाही, त्यामुळे जोडी जुळवण्याचा प्रश्न येत नाही. १९९७ पासून आलेल्या एलएस कुळातल्या सगळ्या व्ही-८ इंजिनांत हेच लिफ्टर आहेत, आणि तुमचं ५.३ त्याच कुळातलं. धडधाकट, कमी चाललेल्या इंजिनात केवळ ताकद वाढवायला कॅम बदलायचा असेल, तर लोक खरंच हेड न उतरवता काम करतात. रॉकर आणि पुशरॉड काढून कॅम दोन पूर्ण फेरे फिरवायचा. लोब लिफ्टरना वर ढकलतात, प्लास्टिकच्या ट्रे त्यांना पकडून ठेवतात, मग पुढून दोन्ही बाजूंनी ८ मिमीचे लांब रॉड सरकवून लिफ्टरना आधार द्यायचा आणि कॅम ओढून काढायचा. ही युक्ती खरी आहे.

पण तुमच्या इंजिनाला ती चालणार नाही. एक तर तुमचा लोब आधीच झिजलाय, आणि रोलर कॅमचा लोब आपणहून सहसा झिजत नाही. रोलरमधलं सुई-बेअरिंग आधी खराब होतं. सुयांवर खड्डे पडतात, रोलर अडखळतो, मग घरंगळण्याऐवजी लोबवर फरफटतो. कॅमच्या पृष्ठभागाचा कडक थर पातळ असतो. तो एकदा फुटला की आतलं मऊ पोलाद भराभर कातलं जातं. म्हणजे गुन्हेगार लिफ्टर आहे. त्याला आत ठेवून कॅम बदलला तर नव्या कॅमचंही तेच होणार. आणि जो लिफ्टर वर अडकवून ठेवलाय त्याचा रोलर तुम्हाला दिसतच नाही, तपासणार कसा?

दुसरं कारण एएफएम, म्हणजे अर्धे सिलिंडर बंद करण्याची यंत्रणा. तुमच्या इंजिनात ती आहे, आणि ७ नंबर तिच्याच यादीत येतो. या व्ही-८ चा फायरिंग क्रम १-८-७-२-६-५-४-३ असा आहे. त्यातला एक सोडून एक घेतला की १, ७, ६, ४ मिळतात. इंजिनावर भार कमी असताना पेट्रोल वाचवायला हेच चार सिलिंडर बंद केले जातात, म्हणजे व्ही-८ चं व्ही-४ होतं आणि ठोके समान अंतराने पडत राहतात. या चार सिलिंडरचे आठ लिफ्टर वेगळे असतात. बाहेरच्या नळीत आतला भाग दोन छोट्या पिनांनी अडकवलेला असतो. व्हॅलीवरच्या (सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेवरच्या) झाकणात चार सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, बसवलेले असतात. सोलेनॉइडने तेलाचा दाब सोडला की पिना आत दबतात, आतला भाग मोकळा होतो. बाहेरची नळी लोबवर वर-खाली होत राहते, पण पुशरॉड हलत नाही आणि व्हॉल्व्ह बंद राहतो.

कल्पना चांगली आहे. अडचण अशी की हे सगळं तेलाच्या स्वच्छतेवर आणि दाबावर उभं आहे. तेल बदलायला उशीर, पातळी कमी, गाळणीत गाळ, पंपाच्या रिंगेतून हवा ओढली जाणं, यांतलं काहीही झालं की पिना अर्धवट बसतात. अर्ध्या बसलेल्या पिनेवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा भार येतो, तिच्या कडा तुटतात, आणि एके दिवशी लिफ्टर 'बसतो' तो पुन्हा उठत नाही. पुशरॉड सैल होऊन वाकतो किंवा रॉकरमधून निसटतो. १, ४, ६, ७ पैकी एकाच सिलिंडरचा मिसफायर आणि टकटक ही या इंजिनाची ओळखीची तक्रार आहे. एक लिफ्टर गेला तेव्हा बाकीच्या सातांनीही तेच तेल प्यायलं होतं. म्हणून फक्त ७ नंबरचे दोन बदलून भागत नाही. नळी-पिनांची यंत्रणा नसलेले उरलेले आठ साधे लिफ्टरसुद्धा १ लाख ४० हजार मैल चाललेत, आणि हेड उतरलेलंच आहे. काही महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी, तीच गॅस्केटं, तेच बोल्ट घेण्यापेक्षा सोळाही आताच.

एएफएम ठेवायचं की काढायचं

नवा कॅम पक्का करण्याआधी हे ठरवा, कारण दोन्ही वाटांना कॅम वेगळा लागतो. यंत्रणा ठेवायची तर कॅम मूळ पद्धतीचा, आठ एएफएम लिफ्टर, आठ साधे, एएफएमच्याच ट्रे, आणि सोलेनॉइडचं झाकणही नवं. जुनं झाकण ठेवलं तर त्यातल्या वाहिन्यांत अडकलेली धातूची कणी नव्या लिफ्टरच्या पिनांपर्यंत जाते. हे झाकण जपून वापरण्याच्या मोहात पडू नका.

काढायची तर यादी अशी: एएफएम नसलेल्या इंजिनाचा कॅम, सोळाही साधे लिफ्टर, चार साध्या ट्रे, आणि व्हॅलीचं साधं झाकण. या झाकणाखाली ब्लॉकमध्ये तेल वर येण्याचे आठ छोटे मनोरे आहेत. साधं झाकण असं निवडा की ज्याच्या रबरी रिंगा हे आठही मनोरे बंद करतात. ते उघडे राहिले तर तेल व्हॅलीत वाहून जाईल आणि दाब कधीच नीट मिळणार नाही. तुमच्या २०१२ च्या इंजिनात कॅमची वेळ मागे-पुढे करणारा फेझरही आहे, म्हणून कॅम 'फेझर चालणारा, पण एएफएम नसलेला' असाच मागवा. बाजारात मिळणारे बरेच कॅम फेझर नसलेल्या जुन्या इंजिनांचे, पुढे तीन बोल्टचे असतात. ते इथे बसणार नाहीत. आधीच मागवलेला कॅम कोणता आहे हे डबा उघडण्याआधी तपासा.

काढल्यानंतर इंजिनाच्या संगणकातून एएफएम बंद केलेलं प्रोग्रॅमिंग लागतंच. नाहीतर काढून टाकलेल्या सोलेनॉइडना संगणक शोधत राहील आणि चेक इंजिनचा दिवा लागेल. इथे कायद्याची बाजूही बघा. कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून प्रदूषण तपासणीत संगणकातलं सॉफ्टवेअर मूळ आहे का, हेही पाहतात. तिथे नोंदलेल्या गाडीसाठी यंत्रणा ठेवणं हाच सरळ मार्ग आहे. आणखी एक: गाडीच्या निदान-सॉकेटात लावायचं, एएफएम चालूच न होऊ देणारं छोटं उपकरण मिळतं. चांगल्या स्थितीतल्या इंजिनात त्याने पिनांची ये-जा थांबते. बसलेला लिफ्टर किंवा झिजलेला लोब त्याने सुधारत नाही.

मला विचाराल तर, कायद्याची अडचण नसेल आणि गाडी आणखी बरीच वर्षं चालवायची असेल, तर काढून टाका. पेट्रोलमध्ये थोडा फरक पडेल, पण बिघडणारे आठ नाजूक भाग कमी होतील.

उघडताना

निदान पक्कं करायला डायल गेज पुशरॉडच्या टोकावर लावा आणि इंजिन हाताने फिरवून उचल मोजा. रॉकर आधी काढलेले असावेत. या इंजिनाच्या मूळ कॅमची लोबवरची उचल साधारण ७ मिमी असते, रॉकर १.७ पट वाढवून व्हॉल्व्हला जवळपास १२ मिमी देतो. सोळाही मोजा. एका लोबची उचल शेजाऱ्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर कमी दिसली तरी तो गेलेला समजा.

रेडिएटर काढावा लागतो, कारण कॅम पुढून सरळ बाहेर येतो. एसीचा कंडेन्सर आड येत असेल तर गॅस यंत्राने काढून घ्या, हवेत सोडू नका. ब्लॉकमधलं कूलंट हेड उचलण्याआधी ब्लॉकच्या बाजूच्या प्लगातून पूर्ण काढा. रेडिएटर रिकामा झाला म्हणजे ब्लॉक रिकामा झाला असं नाही. हे का, ते पुढे हेड बोल्टच्या वेळी कळेल.

हेड काढले की प्रत्येक ट्रे एका बोल्टवर आहे. प्रत्येक ट्रेत दोन शेजारच्या सिलिंडरचे चार लिफ्टर, आणि एएफएम इंजिनात चारही ट्रेंत एक-एक जोडी एएफएमची. ट्रे उचलली की बहुतेक लिफ्टर तिच्यासोबत वर येतात. जो येत नाही, त्याच्या भोकाच्या खालच्या कडेला रोलर तुटून फुगलेला असू शकतो. त्याला वरून पक्कडीने ओढू नका, लिफ्टरच्या भोकाला ओरखडे पडतील. आधी कॅम काढा, मग तो खालून हलवून सोडवा. प्रत्येक लिफ्टर कुठल्या जागेचा ते लिहून ठेवा. फेकायचा असला तरी कोणता रोलर अडकलाय आणि कोणता लोब कापलाय हे जुळवून बघितलं तर बिघाडाचं मूळ सापडतं.

टायमिंग चेनचे ठिपके आधी जुळवा: क्रँकच्या दात्यावरचा ठिपका वर, कॅमच्या दात्यावरचा खाली, एकमेकांसमोर. चेनच्या टेन्शनरला पिन लावून दाबून ठेवा. फेझर खोलू नका. तो जसाच्या तसा काढून स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवा. पण तेलात भरपूर कीस सापडला तर फेझरही बदला. त्याच्या आतल्या कप्प्यांतून कीस धुऊन काढणं जमत नाही.

कॅम बाहेर काढताना पुढे लांब बोल्ट लावून त्याला धरा, कॅम थोडा-थोडा फिरवत सरळ ओढा. लोब कॅम-बेअरिंगला लागू देऊ नका. काढल्यावर टॉर्चने पाचही कॅम-बेअरिंगं बघा. त्यांत खोल चरे किंवा तांबूस रंग दिसला तर इथे थांबा. ती बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि मग प्रश्न कॅम-लिफ्टरचा राहत नाही, पूर्ण इंजिन उघडण्याचा होतो. झिजलेल्या बेअरिंगवर नवा कॅम घातला तर दाब कमी राहणार आणि लिफ्टर पुन्हा उपाशी राहणार.

स्वच्छता: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

हेडची आणि ब्लॉकची गॅस्केटची जागा साफ करताना एअर टूलवर लावायच्या खरखरीत चकत्या वापरू नका. त्यांतून उडणारी घासणीची पूड तेलाच्या वाटेने बेअरिंगमध्ये जाते आणि इंजिन काही हजार मैलांत बसतं. प्लास्टिकचं स्क्रेपर आणि गॅस्केट-रिमूव्हर वापरा, थोडा वेळ जास्त लागेल. काम करताना व्हॅली, लिफ्टरची भोकं आणि सिलिंडर स्वच्छ कापडाने झाका.

मग चेंबर. चार चाकी ड्राइव्ह असेल तर पुढचा डिफरन्शियल खाली घ्यावा लागतो, त्रास आहे, तरी करा. चेंबरच्या तळाला लोहचुंबक फिरवा. सुया, पिनांचे तुकडे, चकाकणारी पूड, जे निघेल ते मोजा. तुटलेल्या रोलरच्या सुया किती सापडल्या हे महत्त्वाचं आहे, कारण न सापडलेल्या आत कुठेतरी आहेत. एएफएम इंजिनाच्या चेंबरमध्ये जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तो साफ करा. त्यातून उडणारं तेल सिलिंडरच्या भिंतींवर जातं आणि पुढे रिंगांवर काजळी साचून इंजिन तेल पिऊ लागतं. त्यावर छोटी ढाल बसवण्याची कंपनीची दुरुस्ती आहे, चेंबर खाली आहे तोवर ती बसवून घ्या.

सक्शन पाइपची रबरी रिंग या इंजिनाची सगळ्यात दुर्लक्षित, पण सगळ्यात महत्त्वाची रिंग आहे. ती कडक झाली, चिरली किंवा चुकीच्या जाडीची बसली, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवेने भरलेलं तेल हायड्रॉलिक लिफ्टरला आधार देत नाही. आवाज येतो, दाब वर-खाली होतो, आणि लोक पुन्हा लिफ्टरला दोष देतात. पंप नवा घेतला तर त्या पंपाबरोबरच्या मापाचीच रिंग वापरा. रिंग तेल लावून बसवा, पाइप हाताने सरळ आत ढकला, मगच बोल्ट घट्ट करा. पाइप वाकडा बसवून बोल्टने ओढून घेतला की रिंग कापली जाते. तेल-दाबाच्या सेन्सरच्या खाली बारीक जाळीची छोटी गाळणी असते, ती कायम विसरली जाते. ती नवी टाका.

लिफ्टरची भोकं पुसून, तेलाचं बोट फिरवून घ्या. नवा लिफ्टर स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे. अडला तर ओरखडा शोधा आणि अगदी हलक्या हाताने साफ करा. भोक मोठं करण्याचा प्रयत्न नको.

बसवताना

नवा कॅम: बेअरिंगच्या जागांना असेंब्ली ल्यूब (जुळणीच्या वेळी लावायचं वंगण), लोबना भरपूर तेल. लिफ्टरच्या रोलरवर जाड काळी पेस्ट लावू नका. ती सपाट बुडाच्या लिफ्टरसाठी आहे. रोलरला पहिल्याच फेऱ्यापासून घरंगळायचं असतं, त्याला साधं इंजिन ऑइल चोळा. कॅमच्या पुढच्या पट्टीचे बोल्ट: षटकोनी डोक्याचे असतील तर २५ न्यूटन-मीटर, चपट्या टॉर्क्स डोक्याचे असतील तर १५. फेझरच्या मधल्या बोल्टचा आकडा त्याच वर्षाच्या मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको.

ट्रे नव्याच. या ट्रेचं काम केवळ लिफ्टर धरायचं नाही. लिफ्टरच्या बाजूच्या सपाट कडा ट्रेत बसतात आणि त्यामुळे रोलर लोबच्या दिशेत सरळ राहतो. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून प्लास्टिक सैल होतं, लिफ्टर भोकात वळतो, रोलर आडवा होतो, आणि मग नवा कॅम काही मिनिटांत कापला जातो. लिफ्टर ट्रेत बसवून एकत्रच खाली सोडा, बोल्ट १२ न्यूटन-मीटर, हाताच्या पान्याने. वरून प्रत्येक लिफ्टर हलवून बघा, तो वळायला नको.

हेड बसवण्याआधी ब्लॉकवरची हेड-बोल्टची भोकं. ही भोकं तळाला बंद आहेत. त्यांत कूलंट किंवा तेल राहिलं तर बोल्ट आत जाताना ते द्रव दाबतो. द्रव दाबलं जात नाही, म्हणून ब्लॉकला तडा जातो, किंवा टॉर्क खोटा दिसतो आणि गॅस्केट गळतं. प्रत्येक भोक हवेने उडवा, कागदाची वळी घालून कोरडं आहे का बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

हेड सरळपट्टी लावून तपासा. ०.१ मिमीपेक्षा जास्त वाकडं असेल तर मशीन शॉपला द्या. गॅस्केट ९६ मिमी बोअरचं, धातूच्या थरांचं, कोरडं बसवायचं, कुठलंही सीलंट नाही. बोल्ट नवेच, कारण ते ताणून बसवायचे असतात आणि एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तोच भार धरत नाही. तुमच्या वर्षाच्या इंजिनात प्रत्येक हेडला मोठे, एम-११ चे दहा बोल्ट. मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने: आधी सगळे ३० न्यूटन-मीटर, मग सगळे ९० अंश, मग सगळे ७० अंश. त्यानंतर आतल्या कडेचे एम-८ चे पाच, ३० न्यूटन-मीटर. २००४ च्या आधीच्या इंजिनात बोल्ट दोन लांबीचे असतात आणि शेवटचा कोन वेगळा असतो, तेव्हा जुन्या गाडीचा तक्ता इथे वापरू नका. अंश मोजायला कोन-मापक वापरा.

पुशरॉडची लांबी मोजा. या रॉकरना ॲडजस्टमेंट नाही, बोल्ट घट्ट केला की जे बसेल ते बसेल. मूळ पुशरॉड साधारण ७.४ इंचांचा असतो. पण लिफ्टर दुसऱ्या प्रकारचे आले, कॅमच्या गोल भागाची जाडी बदलली, किंवा हेड घासलं, तर तीच लांबी चुकीची ठरते. लांबी बदलता येणारा पुशरॉड घ्या, लिफ्टर लोबच्या गोल, न उचलणाऱ्या भागावर असताना रॉकर पूर्ण घट्ट करून पुशरॉड खेळ शून्य होईपर्यंत लांब करा, आणि त्यात लिफ्टर बनवणाऱ्याने सांगितलेला दाब (लिफ्टर किती आत दबावा ते माप) मिळवा, बहुतेकांचा १ ते २ मिमीच्या दरम्यान असतो. कमी पडला तर टकटक, जास्त झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. वाकडा पुशरॉड ओळखायला तो काचेवर लोळवा. शंका आली तर सोळाही नवे. रॉकरच्या सुई-बेअरिंगमध्येही बोटाने खेळ बघा.

रॉकर घट्ट करण्याचा क्रम पाळा, कारण उचललेल्या लोबवर घट्ट केलं तर नव्या लिफ्टरवर विनाकारण भार येतो. १ नंबर सिलिंडर फायरिंगच्या वेळी वरच्या टोकाला आणा. मग एक्झॉस्टचे १, २, ७, ८ आणि इनलेटचे १, ३, ४, ५ घट्ट करा. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा. मग एक्झॉस्टचे ३, ४, ५, ६ आणि इनलेटचे २, ६, ७, ८. सगळे ३० न्यूटन-मीटर. नवे लिफ्टर तेलाने भरलेले असल्यामुळे दाबले जायला वेळ घेतात. बोल्ट हळूहळू फिरवा आणि क्रँक फिरवण्याआधी थोडं थांबा.

बाकीचं भराभर: व्हॅलीचं झाकण, पुढचं कव्हर, ऑइल पंप २५ न्यूटन-मीटर, इनटेक मॅनिफोल्ड आधी ५, मग १०. क्रँक पुलीचा बोल्ट मात्र नीट: जुन्या बोल्टने ३३० न्यूटन-मीटरला पुली पूर्ण बसवायची, तो काढून नवा बोल्ट ५० न्यूटन-मीटर आणि वर १४० अंश. पुली अर्धवट बसली तर पंपाचा आणि चेनचा दाता क्रँकवर घट्ट पकडला जात नाही.

पहिल्यांदा सुरू करताना

तेल फिल्टरसह ५.७ लिटर, ५डब्ल्यू-३०, डब्यावर डेक्सॉसची (कंपनीच्या तेल-मानकाची) खूण असलेलं. इंजिन सुरू करण्याआधी दाब तयार करा. ब्लॉकच्या पुढच्या डाव्या बाजूला तेलाच्या मुख्य वाहिनीचा एम-१६ चा प्लग आहे. तिथून दाबाने तेल भरणारं साधन लावता आलं तर उत्तम, रॉकरमधून तेल टपकेपर्यंत भरा आणि मधे क्रँक हाताने फिरवा. साधन नसेल तर इंधनाचा फ्यूज काढून स्टार्टर १० सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा, तेल-दाबाचा काटा हलेपर्यंत. काटा हललाच नाही तर सुरू करू नका, सक्शनची रिंग पुन्हा बघा.

सपाट टॅपेटसारखं २० मिनिटं पळवण्याची गरज इथे नाही. सुरुवातीला आवाज येईल, लिफ्टरमधली हवा निघेपर्यंत काही मिनिटं टकटक राहते. गरम झाल्यावरही एकाच जागेहून आवाज येत राहिला तर स्टेथोस्कोपने सिलिंडर शोधा आणि आधी त्या जागेचा पुशरॉड, रॉकर बोल्ट आणि लांबी तपासा. नव्या लिफ्टरला लगेच खराब ठरवू नका.

गाडीतल्या काट्यावर विसंबू नका, यांत्रिक गेज लावून गरम इंजिनावर दाब मोजा. कंपनीची किमान मर्यादा १००० आरपीएमला ६ पीएसआय, २००० ला १८, ४००० ला २४ आहे. ही इंजिन जिवंत राहण्याची तळरेषा आहे. एएफएम ठेवलं असेल तर त्याच्या पिना नीट हलायला याहून बराच जास्त दाब लागतो. मर्यादेच्या जवळ रेंगाळणारा आकडा दिसला तर कॅम-बेअरिंगं किंवा क्रँकची बेअरिंगं झिजली आहेत असं समजा.

पहिल्या १०० मैलांत तेल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून आतला कागद पसरवा आणि चुंबक फिरवा. पहिल्या वेळी थोडी पूड दिसेल, ती धुऊन निघालेली जुनी असते. मग ५०० मैलांनी पुन्हा बदला आणि पुन्हा कापा. दुसऱ्या फिल्टरमध्ये चकाकणारे कण पहिल्याइतकेच किंवा जास्त दिसले, तर आत काहीतरी अजून कापलं जातंय. गाडी तिथेच थांबवा, रॉकर कव्हर उघडा आणि सोळाही पुशरॉडची उचल पुन्हा मोजा.